नोंदीचा पहिला वाचक

विद्यार्थ्याच्या शैक्षणिक नोंदींवर हक्क कोणाचा, हा प्रश्न भारतात सहसा विचारलाच जात नाही. शाळेत प्रगतिपुस्तकावर पालकांची सही लागते. तीच सही पुढे कनिष्ठ महाविद्यालयाच्या प्रवेश अर्जावर येते, तेथून वरिष्ठ महाविद्यालयाच्या हमीपत्रावर जाते आणि विशी ओलांडलेल्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या कागदपत्रांतही कायम राहते. मधल्या काळात त्या विद्यार्थ्याला मताधिकार मिळालेला असतो, तो स्वतःच्या नावाने करार करू शकतो, न्यायालयात दाद मागू शकतो. परंतु त्याला कोणत्या विषयात किती गुण पडले, तो किती तासिकांना गैरहजर होता किंवा प्राचार्यांनी त्याला कशासाठी बोलावले होते, हे त्याला न विचारता घरी कळवण्यात महाविद्यालयाला काही गैर वाटत नाही, उलट ते आपले कर्तव्य वाटते. सज्ञान विद्यार्थ्याच्या नोंदीचा पहिला वाचक तो विद्यार्थी स्वतः असावा, आणि पालकांपर्यंत ती नोंद त्याच्या हातून किंवा त्याच्या परवानगीने जावी, असे येथे प्रतिपादन करायचे आहे. पालकांविषयीचा अविश्वास हा या भूमिकेचा पाया नाही. तिचा रोख शिक्षणसंस्थांकडे आहे, कारण विद्यार्थ्याशी बोलण्याचे अवघड काम टाळून पालकांना निरोप धाडण्याचा सोपा मार्ग त्या धरतात आणि त्याला काळजीचे नाव देतात.

शैक्षणिक नोंद म्हणजे केवळ गुणपत्रिका नव्हे. हजेरीपट, शिस्तभंगाच्या कारवाईचे कागद, वसतिगृहात परतण्याच्या वेळा, ग्रंथालयातून नेलेली पुस्तके, शिष्यवृत्तीच्या अर्जातील जातीचा आणि उत्पन्नाचा तपशील, अपंगत्वाचे प्रमाणपत्र, समुपदेशकाने केलेली टिपणे आणि अंतर्गत तक्रार समितीकडे आलेली लैंगिक छळाची तक्रार या साऱ्यांचा समावेश तीत होतो. यांपैकी गुण ही तुलनेने उघडी बाब आहे. नोकरीच्या मुलाखतीत ते कोणालाही दाखवावेच लागतात. समुपदेशकाशी झालेले बोलणे मात्र अगदी वेगळ्या जातीचे असते. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार घेणाऱ्या व्यक्तीला गोपनीयतेचा हक्क दिला आहे, आणि कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने तक्रारदार स्त्रीची ओळख व तक्रारीचा मजकूर जाहीर करण्यास मनाई केली आहे. म्हणजे मुलीला गणितात किती गुण पडले असे विचारणारे वडील आणि ती समुपदेशकाकडे कशासाठी गेली असे विचारणारे वडील दोन निरनिराळे प्रश्न विचारत असतात. महाविद्यालयाच्या कार्यालयातील खिडकीवर मात्र दोन्ही प्रश्नांचा निकाल एकाच निकषाने लागतो, आणि तो निकष म्हणजे समोरचा माणूस पालक आहे की नाही. दूरध्वनीवर तर तेवढीही खातरजमा होत नाही. आपण अमुक विद्यार्थिनीचे काका बोलतो, असे सांगणाऱ्या कोणालाही तिची हजेरी, तिची तुकडी आणि तिचा तास सुटण्याची वेळ सांगितली जाऊ शकते. पाळतीवर असलेल्या माणसाला याहून अधिक काही लागत नाही.

या प्रश्नाचा सर्वांत दीर्घ कायदेशीर अनुभव अमेरिकेच्या गाठी आहे आणि त्याचा इतिहास बारकाईने पाहण्याजोगा आहे. 1974 च्या ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या सहीने तेथे कौटुंबिक शैक्षणिक हक्क व गोपनीयता कायदा अस्तित्वात आला. न्यूयॉर्कचे सिनेटर जेम्स बकली यांनी तो पुढे आणल्यामुळे त्याला बकली दुरुस्ती असेही म्हणतात. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो फर्पा या नावाने ओळखला जातो. हा कायदा मुळात पालकांना दूर ठेवण्यासाठी झालेला नव्हता. त्या काळी अमेरिकी शाळा प्रत्येक मुलाची एक संचिका ठेवत; तीत मानसशास्त्रीय चाचण्यांचे निकाल, शिक्षकांचे शेरे आणि कुटुंबाविषयीची मते असत; ती पोलिसांना, समाजकल्याण खात्याला किंवा नोकरी देणाऱ्यांना पाहायला मिळे, परंतु ज्या आईबापांच्या मुलाविषयी ती लिहिलेली असे त्यांनाच पाहायला मिळत नसे. मूल मंदबुद्धी आहे किंवा उपद्रवी आहे असा शेरा एकदा लिहिला गेला की तो त्याच्याबरोबर इयत्तेमागून इयत्ता पुढे सरकत राही आणि तो खोडून काढण्याची संधी कोणालाच नसे. फर्पाने पालकांना ती संचिका पाहण्याचा, चुकीची नोंद दुरुस्त करून मागण्याचा आणि त्रयस्थांना ती देण्याआधी संमती विचारली जाण्याचा हक्क दिला; मागणी आल्यापासून 45 दिवसांच्या आत नोंद दाखवण्याचे बंधन शाळेवर घातले.

म्हणजे या कायद्याचा मूळ प्रतिपक्ष पालक नसून संस्था होती, आणि पुढील साऱ्या चर्चेत हे विसरून चालणार नाही. विद्यार्थी 18 वर्षांचा झाला, किंवा त्याआधीच महाविद्यालयात दाखल झाला, की पालकांचे हे सर्व हक्क त्याच्याकडे जातात, अशी तरतूद याच कायद्यात आहे. त्यामुळे जो पालक जून महिन्यापर्यंत मुलाची पानन् पान संचिका मागू शकत होता, त्यालाच सप्टेंबरात विद्यापीठाकडून सांगितले जाते की मुलाच्या लेखी परवानगीशिवाय काहीही कळवण्यास ते बांधलेले नाहीत. या बदलामागे एक मोठे स्थित्यंतर होते. विद्यापीठ हे विद्यार्थ्याच्या आईबापांच्या जागी असते, त्यामुळे त्याने घरच्या वडीलधाऱ्याप्रमाणे शिक्षा करावी आणि कोणी जाब विचारू नये, हे जुने तत्त्व 1961 मध्ये अलाबामातील कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या खटल्यात एका संघीय अपील न्यायालयाने मोडीत काढले होते. वर्णभेदाविरुद्ध निदर्शने केली म्हणून त्या विद्यार्थ्यांना सुनावणीशिवाय काढून टाकण्यात आले होते. 1971 मध्ये घटनादुरुस्तीने मतदानाचे वय 21 वरून 18 वर आले. ज्याला सरकार निवडता येते त्याच्या गुणपत्रिकेवर दुसऱ्याचा ताबा कसा, हा प्रश्न त्यानंतर टाळता येण्याजोगा राहिला नव्हता.

तरीही कायद्याने एक दार किलकिले ठेवले. प्राप्तिकराच्या हिशेबात विद्यार्थी आईवडिलांवर अवलंबून असल्याचे दाखवले असेल, तर त्याच्या संमतीविना त्यांना नोंद दाखवण्याची मुभा विद्यापीठाला आहे. ही मुभा आहे, सक्ती नाही. पुष्कळ विद्यापीठे ती वापरत नाहीत. तत्त्व म्हणून ही तरतूद कच्ची आहे. कराच्या विवरणपत्रातील एका रकान्यावर एखाद्या प्रौढ माणसाची खासगी माहिती अवलंबून ठेवणे म्हणजे पोसणाऱ्याला जाणण्याचा हक्क आपोआप मिळतो असे मानणे होय. आणि तसे मानले तर गरीब घरातला विद्यार्थी, ज्याला दुसरा आधार नाही, तो श्रीमंत घरातल्या विद्यार्थ्यापेक्षा कमी प्रौढ ठरतो.

कायद्याची खरी कसोटी 16 एप्रिल 2007 रोजी लागली. व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने गोळीबार करून 32 जणांचा बळी घेतला आणि नंतर स्वतःचा जीव घेतला. त्याच्या वागण्याविषयीची चिन्हे प्राध्यापकांना, वसतिगृहाला, विद्यापीठाच्या पोलिसांना आणि समुपदेशन केंद्राला तुकड्यातुकड्याने माहीत होती, परंतु ते तुकडे एकत्र आले नाहीत आणि त्याच्या आईवडिलांपर्यंतही पोहोचले नाहीत. राज्याने नेमलेल्या चौकशी समितीला असे आढळले की गोपनीयतेचे कायदे आपल्याला बोलू देत नाहीत अशी अनेकांची समजूत होती, आणि ती समजूत बऱ्याच अंशी चुकीची होती, कारण आरोग्य किंवा सुरक्षितता धोक्यात असताना माहिती देण्याचा अपवाद कायद्यात आधीपासूनच होता. पुढे 2008 मध्ये नियम बदलून हा अपवाद अधिक स्पष्ट आणि वापरण्यास सोपा करण्यात आला. या घटनेचा दाखला देऊन गोपनीयताच घातक आहे असे म्हटले जाते, परंतु घटनेतून निघणारा निष्कर्ष तो नाही. कायद्याने अडवले नव्हते; कायदा न वाचता त्याच्या आड उभे राहण्याची कार्यालयीन सवय तेथे नडली. ती सवय मोडण्याइतका धाकही संस्थांना नव्हता. त्याआधीच 2002 मध्ये गोंझागा विद्यापीठाविरुद्धच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला की या कायद्याचा भंग झाला म्हणून विद्यार्थ्याला स्वतः दावा लावता येत नाही. सरकारी अनुदान रोखणे एवढाच उपाय उरतो, आणि तो उपाय इतका जबर आहे की तो वापरण्याचे धैर्य कोणी केलेले नाही. विद्यार्थ्याला दाद नाही आणि संस्थेला धाक नाही, अशी स्थिती आली की गोपनीयतेचा कायदाही संस्थेच्या सोयीचे साधन बनतो.

आणीबाणीच्या प्रश्नावर ब्रिटनमधील ब्रिस्टल विद्यापीठाने शोधलेला मार्ग अधिक विचारपूर्वक आहे. विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांनी हादरलेल्या या विद्यापीठाने 2018 पासून नोंदणीच्या वेळीच प्रत्येक विद्यार्थ्याला विचारण्यास सुरुवात केली की त्याच्या प्रकृतीविषयी गंभीर काळजी वाटल्यास विद्यापीठाने कोणाशी संपर्क साधावा आणि त्यास त्याची संमती आहे काय. ज्या व्यक्तीचे नाव द्यायचे ती आई असू शकते, भाऊ असू शकतो, मैत्रीणही असू शकते. 90 टक्क्यांहून अधिक विद्यार्थ्यांनी संमती दिली. तरुणांना घरच्यांपासून सगळे लपवायचेच असते, या गृहीताला हे उत्तर आहे. त्यांना विचारले तर बहुतेक जण होकार देतात. जे देत नाहीत त्यांच्या नकारामागे बहुधा तसेच कारण असते, आणि नेमक्या त्यांच्याच बाबतीत घरी परस्पर निरोप धाडणे धोक्याचे ठरू शकते.

भारतात कायद्याची चौकट हळूहळू उभी राहत आहे, पण ती संस्थांच्या अंगवळणी पडलेली नाही. 1875 च्या सज्ञानता कायद्यानुसार 18 व्या वर्षी व्यक्ती सज्ञान होते. 2017 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने पुट्टस्वामी खटल्यात गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले, आणि स्वतःविषयीच्या माहितीवरील नियंत्रण हा त्या हक्काचा भाग मानला. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने 18 वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीबाबत पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती आवश्यक ठरवली. त्याचे नियम 2025 च्या नोव्हेंबरमध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होणार आहेत. या कायद्यात ज्या व्यक्तीची माहिती आहे तिला काही हक्क दिले आहेत, आणि ती व्यक्ती सज्ञान असेल तर हे हक्क तिचेच असतात. सज्ञान अपत्याचे पालक असा कोणताही विशेष वर्ग त्यात नाही. माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातही तसा वर्ग नाही.

अमेरिकेप्रमाणेच भारतातही मूळ अपारदर्शकता विद्यार्थ्याच्या विरोधात होती, हे लक्षात घेण्यासारखे आहे. स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क भारतीय परीक्षार्थ्याला 2011 पर्यंत झगडून मिळवावा लागला. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाविरुद्ध आदित्य बंदोपाध्याय या खटल्यात, परीक्षा मंडळ उत्तरपत्रिका विश्वस्ताच्या नात्याने सांभाळत असल्याने ती दाखवता येत नाही, हा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने फेटाळला तेव्हा तो हक्क निःसंदिग्ध झाला. ज्या व्यवस्थेने विद्यार्थ्याला त्याच्याच उत्तरपत्रिकेपासून वर्षानुवर्षे लांब ठेवले, तीच व्यवस्था त्याची हजेरी त्याच्या घरी रोज कळवण्यास तत्पर असते. विद्यार्थी हा माहितीचा धनी नसून माहितीचा विषय आहे, अशी एकच समजूत या दोन्ही वागण्यांच्या मुळाशी आहे.

ही समजूत सरकारी कागदांनीही घट्ट केली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या रॅगिंगविरोधी नियमांप्रमाणे विद्यार्थ्याबरोबर त्याच्या पालकानेही प्रतिज्ञापत्र द्यायचे असते, मग तो विद्यार्थी पीएच.डी. करणारा, स्वतः आईबाप झालेला असला तरी. शैक्षणिक कर्जात आईवडील सहकर्जदार असतात आणि बँक मुलाच्या प्रगतीचे कागद मागते. नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्र आणि शुल्क सवलत आईवडिलांच्या उत्पन्नावर ठरते. यांपैकी आर्थिक तरतुदींना कारण आहे. भारतात अठराव्या वर्षी कोणी स्वतःच्या कमाईवर वैद्यकीय शिक्षण घेऊ शकत नाही आणि कुटुंबाची ऐपत मोजल्याशिवाय सवलत कोणाला द्यायची हे ठरवता येत नाही. परंतु खर्चाचे एकक कुटुंब आहे, एवढ्यावरून माहितीचेही एकक कुटुंबच ठरत नाही. वडिलांनी आईच्या शस्त्रक्रियेचे पैसे भरले म्हणून डॉक्टर आईला बाजूला ठेवून तिचे निदान वडिलांना सांगत नाहीत. किमान तसे सांगू नये, हे आता वैद्यकीय नीतिशास्त्रात मान्य आहे. जमीन गहाण ठेवून मुलाला अभियांत्रिकीला घालणाऱ्या शेतकऱ्याला तो पैसा सार्थकी लागतो आहे की नाही हे जाणण्याचा नैतिक अधिकार नक्कीच आहे. तो अधिकार मुलाकडून उत्तर मागण्याचा आहे, आणि त्या मागणीला मुलाने खरे उत्तर देणे हे त्याचे कर्तव्य आहे. हे देणेघेणे दोन माणसांमधले आहे. महाविद्यालयाने त्यात वसुली करणाऱ्याची भूमिका घेण्याचे कारण नाही.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. हजेरीची यंत्रणा आता संगणकीय झाली आहे. बोटाचा ठसा किंवा ओळखपत्र यंत्रावर टेकवले नाही की काही मिनिटांत पालकांच्या मोबाईलवर संदेश येतो की आपला पाल्य आज दुसऱ्या व तिसऱ्या तासिकेस अनुपस्थित आहे. संदेशात गैरहजेरीचे कारण नसते आणि ते असणे शक्यही नाही. तो संदेश शहरातल्या एखाद्या सुशिक्षित घरात आला तर संध्याकाळी चहाबरोबर एक प्रश्न विचारला जातो. तोच संदेश तालुक्याच्या गावाहून एसटीने महाविद्यालयात येणाऱ्या मुलीच्या घरी आला, तर तिचा पास पुढच्या महिन्यापासून काढायचा की नाही यावर घरात बैठक बसू शकते. तिचे स्थळ पाहण्याची घाई सुरू होऊ शकते. ती त्या वेळी ग्रंथालयात बसली होती, बस उशिरा आली होती, किंवा पाळीच्या त्रासाने मुलींच्या खोलीत पडून होती, हे यंत्राला माहीत नसते. आईबाप क्रूर असतात असे यात गृहीत धरलेले नाही. ते घाबरलेले असतात, गावाची नजर त्यांच्यावर असते, आणि अर्धवट माहिती भीतीच्या हाती पडली की मुलीचे शिक्षण हीच पहिली किंमत मोजली जाते. विद्यार्थिनी शिकत राहील हे पाहणे हे शिक्षणसंस्थेचे पहिले दायित्व असेल, तर तिच्या शिक्षणावर गदा आणू शकणारी माहिती तिला विचारल्याशिवाय बाहेर न जाऊ देणे हा त्या दायित्वाचाच भाग ठरतो.

यावर सर्वांत गंभीर आक्षेप लपवाछपवीचा आहे आणि तो झटकून टाकण्याजोगा नाही. पहिल्या वर्षाचे दोन विषय राहिले, एटीकेटीवर दुसऱ्या वर्षात गेले, तेथे आणखी तीन राहिले, मग वर्ष गेले. घरी मात्र सगळे सुरळीत असल्याचे सांगितले जात राहिले आणि चौथ्या वर्षी पदवीदान समारंभाची तारीख विचारली गेली तेव्हा सगळे उघडे पडले, असे महाराष्ट्रातील अनेक घरांत घडले आहे. त्या घरांनी काढलेले कर्ज खरे असते आणि त्यांचा संतापही रास्त असतो. महाविद्यालयाने पहिल्याच वर्षी कळवले असते तर तीन वर्षे वाचली असती, हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. परंतु मुलगा खोटे का बोलला, याचे उत्तर त्यात नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे 2022 मध्ये देशात 13,044 विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांत महाराष्ट्राचा आकडा सर्वाधिक होता. यांतील प्रत्येक मृत्यूचे कारण परीक्षा नव्हती आणि तसा दावा करणेही चूक ठरेल. पण निकाल आणि घर यांच्यामधली वाट किती मुलांना भयाण वाटते याची जाण या आकड्याने यायला हवी. 2025 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने उच्च शिक्षणसंस्थांतील आत्महत्यांच्या प्रश्नावर माजी न्यायमूर्ती एस. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमले, त्यामागे हीच चिंता होती. अशा स्थितीत नापास झाल्याची बातमी मुलाच्या आधी घरी पोहोचवणे म्हणजे त्याला तयारीला एक दिवसही न देता त्या क्षणासमोर उभे करणे आहे.

संस्थेला येथे काहीच करता येत नाही असे नाही. बहुतेक महाविद्यालयांत मूल्यांकन समित्यांच्या आग्रहामुळे मार्गदर्शक प्राध्यापकांची योजना कागदावर असते. वीसपंचवीस विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक नेमलेला असतो. ती योजना खरोखर चालवली, विषय राहिलेल्या विद्यार्थ्याला त्या प्राध्यापकाने आठवड्याच्या आत बोलावले, पुढचा मार्ग त्याच्याबरोबर आखला, घरी सांगितले का असे विचारले आणि सांगणे जड जात असेल तर त्याच्या संमतीने त्याच्या उपस्थितीत वडिलांशी बोलण्याची तयारी दाखवली, तर लपवण्याची गरजच पुष्कळशी सरते. यात वेळ जातो, प्राध्यापकांची पदे भरावी लागतात, तासिका तत्त्वावर राबणाऱ्या शिक्षकांकडून हे काम होत नाही. पालकांना आपोआप जाणारा संदेश स्वस्त आहे, आणि त्याच्या लोकप्रियतेचे मुख्य कारण तेच आहे. एवढे सगळे करूनही काही मुले लपवतील आणि काही घरांना उशिरा कळेल. ही किंमत खरी आहे. परंतु सगळ्याच प्रौढ विद्यार्थ्यांना कायम संशयित मानण्याच्या किमतीपेक्षा ती कमी आहे, आणि ती मोजली पाहिजे.

अठरा वर्षांखालील विद्यार्थ्यांचा विचार वेगळा करावा लागतो. तेथे पालकांचा हक्क मूलतः मान्यच आहे, आणि शाळेने मनमानी शेरे लपवून ठेवू नयेत यासाठी तो बळकटच असला पाहिजे. तथापि भारतीय कायदा सहा वर्षांच्या मुलाला आणि सतरा वर्षे अकरा महिन्यांच्या मुलीला एकाच मापाने मोजतो, हे त्याचे वैगुण्य आहे. भारताने 1992 मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेत मुलाची समज जसजशी वाढते तसतसे त्याच्या मताला अधिक वजन द्यावे, असे तत्त्व आहे आणि मुलाच्या खासगीपणाचाही स्वतंत्र उल्लेख आहे. अकरावी-बारावीतील विद्यार्थी महाविद्यालयात जातो पण कायद्याने बालक असतो; प्रथम वर्षाच्या वर्गात तर अठरा पूर्ण झालेले आणि न झालेले एकाच बाकावर बसतात. अशा वयात गुण आणि हजेरी पालकांना कळावी, पण समुपदेशकाशी झालेले बोलणे जीविताला किंवा सुरक्षिततेला धोका असल्याशिवाय बाहेर जाऊ नये, अशी विभागणी व्यवहार्य आहे. बाललैंगिक अत्याचाराबाबत पोलिसांना कळवण्याचे बंधन कायद्याने घातलेलेच आहे. तेथे अत्याचार करणारा घरातलाच असेल, तर पालकांना आधी कळवणे किती घातक ठरेल हे सांगण्याची गरज नाही. आईवडील विभक्त असतील तेव्हाही शाळेपुढे पेच येतो, आणि न्यायालयाचा आदेश विरुद्ध नसेल तर दोघांनाही नोंद दाखवणे हाच न्याय्य मार्ग आहे. शुल्क कोण भरतो यावर तो ठरू नये.

पालकांच्या हक्काविषयी एवढी जागरूक असलेली व्यवस्था साऱ्या जगापुढे मात्र विद्यार्थ्याला उघडा ठेवते, याकडेही पाहिले पाहिजे. राज्य मंडळाचा दहावी-बारावीचा निकाल संकेतस्थळावर पाहण्यासाठी बैठक क्रमांक आणि आईचे नाव एवढेच लागते. वर्गातल्या कोणालाही शेजाऱ्याचा बैठक क्रमांक ठाऊक असतो, कारण क्रमांक ओळीने येतात, आणि मित्राच्या आईचे नाव हे काही गुपित नसते. त्यामुळे निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता नातेवाईक, शेजारी आणि शिकवणीवाले त्या मुलाच्या आधी त्याची टक्केवारी पाहून मोकळे होतात. महाविद्यालयाच्या फलकावर कमी हजेरीवाल्यांची डिफॉल्टर यादी नावानिशी लागते. प्रवेशाच्या गुणवत्ता यादीत नावापुढे प्रवर्ग छापलेला असतो, आणि वर्ग सुरू होण्याआधीच कोण कोणत्या जातीचा हे सगळ्या वर्गाला समजते. त्या एका रकान्याचे ओझे आरक्षित जागेवर आलेला विद्यार्थी पुढची चार वर्षे वाहतो. आरक्षणाची प्रक्रिया पारदर्शक राहावी यासाठी ही माहिती जाहीर करावी लागते असे सांगितले जाते, परंतु अर्ज क्रमांकाने यादी लावूनही ती पारदर्शकता राखता येते. शिकवणी वर्गांच्या फ्लेक्सवर मुलांची छायाचित्रे आणि गुण झळकतात, तेव्हा त्या मुलांची संमती कोणी घेतली, हे तर कोणी विचारतही नाही. आता शैक्षणिक श्रेयांक पेढी, डिजिलॉकर आणि विद्यार्थ्याचा अपार ओळख क्रमांक या सरकारी डिजिटल यंत्रणांमुळे पहिलीपासून पदवीपर्यंतच्या नोंदी एका धाग्यात ओवल्या जाणार आहेत. सत्तरच्या दशकातील अमेरिकी शाळांची कुलूपबंद संचिका जे करत होती, ते ही साखळी कितीतरी मोठ्या प्रमाणावर करू शकते. त्याच वेळी तिच्यात एक सोयही आहे. कोणाला, कोणती नोंद, किती काळ दाखवायची हे विद्यार्थ्याने ठरवावे आणि वाटेल तेव्हा ती परवानगी मागे घ्यावी, हे कागदी संचिकेत अशक्य होते, डिजिटल नोंदीत ते सहज शक्य आहे. अमेरिकेतील अनेक विद्यापीठांत विद्यार्थी आपल्या खात्यातून आईला गुण पाहण्याची आणि वडिलांना केवळ शुल्काचा हिशेब पाहण्याची परवानगी देऊ शकतो. भारतीय विद्यापीठांच्या संगणक प्रणालींत असा एक पडदा जोडणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही.

पालकांना खरोखर कशाची गरज असते, याचा विचार केला तर आणखी एक गोष्ट समोर येते. घरातले पहिलेच मूल महाविद्यालयात गेलेल्या आईबापांना बहुतेक वेळा मुलाचे गुण नव्हे, तर ती व्यवस्थाच समजत नसते. सत्र म्हणजे काय, श्रेयांक कसे मोजतात, अंतर्गत गुण किती आणि लेखी परीक्षेचे किती, एटीकेटीची मर्यादा कोठवर, उत्तरपत्रिकेची छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन यांसाठी अर्ज किती दिवसांत करायचा, प्रवेश रद्द केला तर शुल्कातले किती परत मिळते, शिष्यवृत्तीचे पैसे कोणाच्या खात्यात येतात, वसतिगृहात त्रास झाला तर तक्रार कोणाकडे करायची, यांपैकी काहीही कोणाचे खासगी नाही. हे सगळे पालकांना प्रवेशाच्या दिवशीच मराठीत, छापील पुस्तिकेत आणि समोरासमोर समजावून सांगता येते, आणि ज्याला ते समजले आहे त्या बापाला मुलाशी बोलायला गुणपत्रिकेच्या आधी विषय मिळतो. आज नेमकी हीच माहिती संकेतस्थळाच्या कोपऱ्यात इंग्रजी परिपत्रकांत पडून असते, आणि तालुक्याच्या ठिकाणाहून दोन बस बदलून आलेल्या पालकाला कार्यालयातून संगणकावर बघा असे सांगितले जाते.